पान एकसष्टवरचं वाक्य

३ फेब्रुवारी, सोमवार

आज मला न्यायाधीश केलं. पगारवाढ नाही, वेगळी खोली नाही, टाइप करून द्यायला माणूस नाही, पण न्यायाधीश.

विद्यापीठाची मान्यताप्राप्त नियतकालिकांची एक यादी आहे. दर पाच वर्षांनी तिची छाटणी होते. आमच्या समितीच्या वाट्याला यंदा एकच नाव आलं : साहित्यसमीक्षेचं ते त्रैमासिक. समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष भूगोलाचे विभागप्रमुख. त्यांच्या मते साहित्य म्हणजे प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवतात ते. दुसऱ्या ग्रंथपाल बाई. तिसरी मी. म्हणजे बाईंनी अंक काढून द्यायचे, मी खपायचं आणि अध्यक्षांनी सही करायची.

“एकदम सोपं आहे मॅडम,” अध्यक्ष म्हणाले. “पाच वर्षांत त्यांनी लेख किती छापले ते मोजा. त्याच पाच वर्षांत बाकीच्यांनी आपापल्या तळटिपांत त्यांच्या नव्याजुन्या लेखांचा उल्लेख किती वेळा केला ते मोजा. भागाकार करा. अर्धा किंवा वर आला तर यादीत, खाली आला तर बाहेर. भावनेला जागाच नाही. पर्जन्यमापकासारखं.”

यादीबाहेरच्या अंकातला लेख बढतीला धरत नाहीत. बढतीला न धरलेला लेख कोणी लिहीत नाही. म्हणजे दोन अंकांत दुकान बंद. हे पर्जन्यमापकाला कळायचं कारण नाही.

दुकान सरांचं आहे. चौतीस वर्षं ते एकहाती चालवताहेत. माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक. आमचं बोलणं अकरा वर्षं बंद आहे. फॉर्मवर एक रकाना होता : ‘संपादकांशी संबंध’. मी लिहिलं, ‘नाही’. त्यात खोटं काय?

५ फेब्रुवारी, बुधवार

संगणकावरच्या जागतिक आकडेवारीत आपल्या भाषेतलं काहीही सापडत नाही. तिथे आपण जन्मलेलोच नाही. तेव्हा उल्लेख हाताने शोधायचे : एकोणीस नियतकालिकं, पाच वर्षं, प्रत्येक लेखाची शेवटची दोन पानं. बाईंनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत टेबल दिलं. टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली एका माजी कुलगुरूंचा गौरवग्रंथ सरकवलेला आहे. ग्रंथाचा एवढा उपयोग झालेला मी प्रथमच पाहिला.

दुपारी बाईंनी डबा पुढे केला. मी बिस्किटं खाल्ली.

आज घरी त्रैमासिकाचा नवा अंकही आला. माझी वर्गणी अकरा वर्षांपूर्वी संपली, तरी दर तिमाहीला अंक येतो, वेष्टनावर सरांच्या त्याच तिरक्या अक्षरात माझा पत्ता. मी मधे घर बदललं तर नव्या पत्त्यावर यायला लागला. यादीतून नावं काढायचं यांना सुचत नाही. अहवालात एक वाक्य घालणार आहे : ‘वितरणव्यवस्था ढिसाळ.’

११ फेब्रुवारी, मंगळवार

एक आठवडा तळटिपा वाचून माझं मत झालंय की माणसाचा स्वभाव पाहायचा तर पत्रिका नको, त्याच्या संदर्भसूचीची शेवटची पाच नावं पाहावीत. एक प्राध्यापक स्वतःचाच अकरा वेळा दाखला देतात, आणि बाराव्या वेळी स्वतःशी नम्रपणे असहमत होतात. तिघांचं एक टोळकं आहे. पहिला दुसऱ्याला ‘मर्मग्राही’ म्हणतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा पहिल्याला. तिघांची बढती एकाच वर्षी झाली. विहिणी एकमेकींना साड्या देतात त्यातसुद्धा याहून जास्त प्रामाणिकपणा असतो.

सरांच्या अंकात असलं कमी आहे, हे मान्य करायला हवं. तरी आहे. लेख एकशेवीस. उल्लेख मिळाले चौऱ्याण्णव. त्यातून लेखकांनी स्वतःचेच केलेले एकतीस वजा. उरले त्रेसष्ट. साठ लागतात.

म्हणजे तीन उल्लेखांनी वाचले. मला हायसं वाटलं नाही. आकडा पाहून बरं वाटलं, इतकंच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज त्रेसष्टांची लेखवार फोड केली. कोणाचे किती.

सदतीस माझे आहेत.

मी दोनदा मोजले. मग बाईंना बोलावून मोजायला लावले. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने एकेक टिचकी मारत मोजले आणि म्हणाल्या, “सदतीसच. अहो मॅडम, पेढे कुठेत?”

आत्मचरित्रांवरचा लेख. बारा वर्षांपूर्वी छापलेला. मी त्या अंकात एकच लेख लिहिला आणि त्यावर अख्खं त्रैमासिक उभं आहे! बाकी सगळ्यांनी मिळून काय केलं, तर सव्वीस. वाटलं, आत्ता उठावं, सरांकडे जावं आणि कागद टेबलावर आपटावा.

त्याऐवजी घरी येऊन दादाला फोन केला. वहिनीने उचलला. “सदतीस? कसले ताई? दिवस?” मग दादा आला. मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, “अगं, माझ्या कुंडीतल्या मिरच्यांच्या फोटोला एक्कावन्न अंगठे आले.” मग त्याने विचारलं की मी जेवले का. मी म्हटलं हो. नव्हते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सदतीसही जणांनी लेखातलं एकच वाक्य उचललंय :

‘आत्मचरित्रात लेखक ज्याच्यावर पानंच्या पानं रागावतो त्याला ओलांडून पुढे जावं, ज्याला एका ओळीत उरकतो, त्याच्यापाशी थांबावं.’

छान वाक्य आहे. सदतीस ठिकाणी अवतरणचिन्हांत पाहिलं की जास्तच छान वाटतं. पण खाली प्रत्येकाने दिलंय : पान ६१. माझा लेख पान ४१ ते ५८.

अंक काढून पान ६१ उघडलं. तिथे ‘साभार पोच’ आहे. परीक्षणासाठी आलेल्या पुस्तकांची नुसती यादी : दोन कवितासंग्रह, एक व्याकरण, एक ‘घरगुती उपचार’.

पहिली चूक एका थोर विद्वानांची. त्यांनी आपल्या लेखात ६१ लिहिलं. उरलेल्या छत्तीस जणांनी माझा लेख उघडलाच नाही. त्या विद्वानांच्या लेखातून वाक्य आणि आकडा दोन्ही उतरवून घेतले. वर्गात पुढच्याची वही बघून लिहिणारी मुलं मोठी होऊन काय करतात, हा प्रश्न सुटला.

म्हणजे सदतीस जणांनी दाखला दिला आणि वाचलं कोणीच नाही. फार तर त्या थोर विद्वानांनी, तेही धावत्या गाडीत.

बाईंना म्हटलं, वाक्य नेमकं कुठल्या पानावर आहे ते तरी बघते. त्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सत्तावन्न. उजव्या हाताला, वरून दुसरा परिच्छेद.” बरोबर निघालं. ग्रंथपालांना काय काय पाठ असतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

माळ्यावरून जुनी खोकी काढली. लेखाची माझी हस्तलिखित प्रत सापडली. सहज वाचायला घेतली. आपल्याला सदतीस वेळा उद्धृत केल्यावर माणसाला स्वतःचं अक्षरही सुंदर दिसतं.

ते वाक्य त्यात नाही.

पुन्हा वाचली. मागून पुढे वाचली. त्या जागी माझी साडेतीन पानं आहेत, ‘मौनाचे राजकारण’ वगैरे. छापील अंकात ती साडेतीन पानं नाहीत. त्यांच्या जागी ते एक वाक्य आहे.

सर असं करायचे. सगळ्यांचंच करायचे. लेख नेऊन दिला की पुढच्या अंकात छापून यायचा आणि त्यात काय आपलं, काय त्यांचं, हे विचारायची पद्धत नव्हती. छापलेलं वाचून आपण मनात म्हणायचं, ‘अरे वा, मी हुशार आहे.’ तेव्हा मीही म्हटलं असणार. आणि विसरले.

दुसऱ्या लेखाच्या वेळी त्यांनी बावीसातल्या नऊ पानांवर काट मारून तो परत पाठवला. सोबत चिठ्ठी : ‘हे तुम्हाला दाखवायचे आहे, सांगायचे नाही.’ मी इतकी भडकले की उत्तर दिलं नाही. नऊ पानं! मी दोन वर्षं घातली होती त्यात. एखाद्याने दारात आलेल्या माणसाचे हात कापावेत आणि म्हणावं, आता आत या. त्यांचा तो टापटीप अहंकार, ती तुम्ही-तुम्हीची भाषा, चूक दाखवताना घसा खाकरायची सवय, सगळंच असह्य होतं. आई त्याच आठवड्यात गेली. मग उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच. त्यानंतर मी काही लिहिलं नाही, पण ते वेळ नव्हता म्हणून.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज सरांकडे गेले. समितीचं काम म्हणून. स्थळतपासणी करायचा अधिकार आहे.

दार त्यांनीच उघडलं. अठ्ठ्याहत्तरचे असतील. एका डोळ्यावर भिंग बांधलेलं, घड्याळजीसारखं.

“या. चष्म्याची फ्रेम बदललीत.”

“मी समितीतर्फे आले आहे.”

“पत्र मिळालं. परीक्षकांना चहा चालतो का? की लाच होते?”

“बिनसाखरेचा चालेल.”

“मग साखर टाळली म्हणजे मी निर्दोष.”

बाहेरची खोली तशीच. जुन्या अंकांचे गठ्ठे खिडकीच्या निम्म्यापर्यंत आलेत. काकू गेल्याचं मला माहीत होतं. तरी मी आत बघून ‘काकू’ म्हणणार होते, जीभ चावली. चहात त्यांनी साखर घातलीच होती. सवय. पूर्वी मी दोन चमचे घ्यायचे.

मी अंक काढून पान सत्तावन्न उघडलं आणि वाक्य वाचून दाखवलं. “हे कोणी लिहिलं?”

त्यांनी अंक घेतला, भिंग लावलं, आपण पहिल्यांदाच वाचतोय असं वाचलं. “बरं आहे.”

“कोणी लिहिलं, सर?”

“तुमच्या नावाखाली छापलंय.”

“माझ्या हस्तलिखितात नाही.”

त्यांनी घसा खाकरला. “तुम्ही हे परीक्षक म्हणून विचारताय की लेखिका म्हणून?”

“परीक्षक म्हणून.”

“मग छापील अंक हाच पुरावा. परीक्षकाने त्याच्यापलीकडे जाऊ नये.”

असा राग आला! बारा वर्षांनीसुद्धा माणूस सरळ उत्तर देत नाही. मी कपाची तपासणी करत बसले. ते म्हणाले, “आई गेल्या तेव्हा येऊन गेलो होतो. तुम्ही झोपला होतात. मी म्हटलं, उठवू नका.” हे मला माहीत नव्हतं. असो. त्यानंतर त्यांनी पुढच्या अंकाची प्रुफं दाखवली, त्यांचं मुद्रितशोधन अजूनही निर्दोष आहे, पण अनुक्रमणिकेची मांडणी जुनाट आहे आणि विषयांत नावीन्य नाही, हे अहवालात यायला हवं. लेख फक्त चार आहेत. लोक आता पाठवतात कुठे, म्हणाले.

निघताना जिन्यापर्यंत आले. मी म्हटलं, राहू द्या. ते उभेच राहिले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अहवाल लिहिला. चौदा पानं. तक्त्यात सरळ नियमाप्रमाणे आकडे : लेख १२०, ग्राह्य उल्लेख ६३, भागाकार ०.५२५.

मग तीन दिवस टीप सातशी झगडले. ती नसती तरी कोणी विचारलं नसतं. सदतीस उल्लेख कायद्याने ग्राह्य आहेत. संपादकाने दुसऱ्याच्या नावाखाली लिहिलेल्या वाक्याबद्दल नियमात काही नाही, कारण नियम करणाऱ्यांना वाक्यं बदलणारा संपादक भेटलेला नसतो. गप्प बसले तर सरांचं त्रैमासिक वाचतं, आणि मी सदतीस ठिकाणी हुशार राहते. लिहिलं तर समिती सदतीस वजा करू शकते. मग उरतात सव्वीस, आणि त्यांचं चौतीस वर्षांचं काम माझ्या प्रामाणिकपणापायी बुडतं. आणि मी शून्यावर.

शेवटी लिहिलंच. ‘टीप ७. यांतील सदतीस उल्लेख प्रस्तुत सदस्येच्या एका लेखातील एकाच वाक्याचे असून सर्वांनी चुकीचा पृष्ठक्रमांक दिला आहे. हे वाक्य माझे नाही. ते संपादकांचे आहे. हा लेख आजवर कोणीही वाचलेला नाही. या उल्लेखांचे काय करायचे ते समितीने ठरवावे.’

बाईंनी प्रती काढून दिल्या. टीप वाचून म्हणाल्या, “मॅडम, हे ‘कोणीही वाचलेला नाही’ राहू द्यायचंय का?”

“का? खोटं आहे?”

“नाही, सहज,” म्हणाल्या.

५ मार्च, बुधवार

बैठक. अकरा मिनिटं.

अध्यक्षांनी पहिलं पान उलटलं, तक्ता पाहिला. “शून्य पॉइंट बावन्न. पास! वा मॅडम, काय सुटसुटीत काम आहे.”

मी म्हटलं, “टीप सात वाचलीत का?”

“टिपा मी घरी निवांत वाचतो.” आणि सही केली. मग मला कॅलेंडर दाखवून त्यांच्या विभागाच्या सहलीला कुठली तारीख बरी ते विचारलं.

बाईंनी सही करताना माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “चला, आज माझ्याकडे जेवायला. एकटीनेच जेवायचं असतं मलाही.” मी म्हटलं, काम आहे.

काम काही नव्हतं. घरी आले, दिवे लावले, टीव्ही लावला, बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा कबुलीजबाब दिला आणि न्यायालय सहलीला गेलंय. त्रैमासिक यादीत राहिलं. सदतीस उल्लेख माझेच राहिले. कोणाचं काही बिघडलं नाही. मग रडायला का यावं, कळत नाही. बहुतेक दमले.

६ मार्च, गुरुवार

नियमाप्रमाणे अहवालाची एक प्रत संपादकांना गेली.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी अध्यक्षांचा फोन. “मॅडम, तुमच्या त्या म्हाताऱ्या संपादकांचं डोकं ठिकाणावर आहे ना? स्वतःला नापास करा म्हणून अर्ज आलाय! तीस वर्षांच्या नोकरीत असा अर्ज पाहिला नाही.”

त्यांनी पत्र वाचून दाखवलं. सरांनी लिहिलंय : ‘अहवालातील सदतीस उल्लेख पान ६१ चे आहेत. पान ६१ वर साभार पोच आहे. चुकीच्या पानाचा दाखला हा दाखला नव्हे. कृपया ते वजा करून भागाकार पुन्हा करावा.’ खाली त्यांनी भागाकार करूनही दिलाय. ०.२१६, पुढे सहा आवर्ती.

“आता लेखी आलंय म्हणजे मला घ्यावंच लागणार,” अध्यक्ष म्हणाले. “यादीतून जाणार हो ते. तुम्ही समजवा ना त्यांना.”

मी? चौतीस वर्षांत ज्यांनी स्वल्पविराम मागे घेतला नाही त्यांना?

संध्याकाळी घरी आले तर दारात जाड पाकीट. माझा अहवाल. चौदाच्या चौदा पानांवर पेन्सिल. विशेषणं उडवलेली. ‘ढिसाळ’ला प्रश्नचिन्ह. ‘जुनाट’ ठेवलंय, समासात ‘मान्य’. टीप सातपाशी मी खुर्चीवर बसले.

‘हे वाक्य माझे नाही, ते संपादकांचे आहे’ यावर आडवी रेघ. बाजूला : ‘वस्तुस्थितीस धरून नाही. लेख द्यायला आलात तेव्हा परत जाताना जिन्यात थांबून हे तुम्ही बोललात. मी आत येऊन उतरवून घेतले. साडेतीन पानांत तुम्हाला तेच म्हणायचे होते. त्या दिवशी परीक्षक म्हणून विचारलेत, म्हणून सांगितले नाही. टीप लेखिकेने लिहिलेली दिसते.’

मला जिन्यात काही बोलल्याचं आठवत नाही. अजिबात नाही. ते मन राखायला लिहिताहेत, की खरंच बोलले होते? तपासायचं कुठे? जिन्याला पृष्ठक्रमांक नसतो. तासभर डोकं धरून बसले. मी त्या काळी जिन्यात फार बोलायचे, एवढं आठवतं. सर खाली सोडायला यायचे आणि काकू वरून हाक मारायच्या.

पुढच्या वाक्यात ‘कोणीही वाचलेला नाही’ काटून वर लिहिलंय : ‘एकाने वाचला आहे.’

आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, पत्रासारखं : ‘पुढचा अंक यादीबाहेर निघेल. लेख चार होते. लेखकांना तसे कळवले, दोघांनी परत मागितले. तुमचा द्यायचा असल्यास २५ तारखेपर्यंत यावा. बढतीला धरला जाणार नाही.’

काय समजतात स्वतःला! आधी मला न विचारता स्वतःचं दुकान बुडवायचं, मग त्याच दुकानात मला गिऱ्हाईक करायचं. माझ्याकडे लेख नाही. अकरा वर्षांत एक ओळ नाही. रविवारी जाऊन तोंडावर सांगणार आहे की अकरा दिवसांत असा लेख होत नसतो. पंधरा तरी लागतात.